नाईट कोणी लावली? रुग्णालयाचे व्यवस्थापन आणि कर्मचाऱ्यांचे रोजचे काम

बेळगावातल्या रुग्णालयात काम करणाऱ्या एखाद्या परिचारिकेला ‘तुमच्याकडचे व्यवस्थापन कसे आहे?’ असे विचारून पाहावे. ती संचालक मंडळाविषयी किंवा नव्या इमारतीविषयी फारसे बोलणार नाही. ती ड्युटीविषयी बोलेल. नाईट कोणी लावली, लागोपाठ किती लागल्या, ऑफ मागितला होता त्याच दिवशी मिळाला का, आणि आयत्या वेळी बदल झाला तर तो आधी विचारून झाला की व्हॉट्सॲपवर कळला, एवढ्यावर तिचे मत ठरलेले असते. एका खासगी रुग्णालयाच्या कार्यालयात मी काही वर्षे काम केले आहे आणि त्या काळात असली मते मला संकुचित वाटत. आता मात्र माझी अशी खात्री झाली आहे की व्यवस्थापनाची सगळी धोरणे शेवटी ज्या एका कागदावर उतरतात तो कागद ड्युटीचा तक्ताच होय, आणि त्या परिचारिकेने नेमक्या जागी बोट ठेवलेले असते.

तो कागद जरा जवळून पाहू. डाव्या बाजूला नावे, वर तारखा आणि मधल्या चौकटींत एम, ई, एन, ओ ही अक्षरे. एम म्हणजे सकाळी आठ ते दोन, ई म्हणजे दोन ते आठ, एन म्हणजे रात्री आठ ते सकाळी आठ, आणि लाल शाईने लिहिलेला ओ म्हणजे ऑफ. शनिवारी दुपारी नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर तो लागतो तेव्हा स्वच्छ असतो. बुधवारपर्यंत त्यावर खाडाखोड सुरू होते. कुणाचे मूल आजारी पडते, कुणी नोकरी सोडते, आणि मग एखाद्या लाल ‘ओ’वर काळ्या शाईचा ‘ई’ चढतो. बेळगावात घर असलेल्या परिचारिकेचा त्यामुळे फक्त एक दिवस जातो. पंचवीसेक किलोमीटरवरच्या खानापुराहून, किंवा त्याहीपुढे नंदगडहून येणाऱ्या परिचारिकेची मात्र रात्री आठला पाळी संपून, पुढच्या पाळीला ओव्हर देऊन, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवून, बसस्टँड गाठेपर्यंत सोयीची बस निघून गेलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी तिलाच एम लावलेला असला तर घरी जाऊन झोपायलाही पुरेसा वेळ उरत नाही. दुपारची पाळी संपवून लगेच सकाळच्या पाळीला येणे शरीराला फार जड जाते, आणि पाळ्या फिरवायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या क्रमाने फिरवलेल्या बऱ्या, हे पाळ्यांच्या अभ्यासकांनी पुष्कळ आधीच दाखवून दिले आहे. यात पैसा खर्च होत नाही. तक्ता लावणाऱ्याला हे ठाऊक असावे लागते, आणि तसा लावता येईल इतकी माणसे हाताशी असावी लागतात.

माणसांचा हा हिशेब अनेक व्यवस्थापकांनाही उलगडलेला नसतो, म्हणून तो एकदा मांडून पाहू. एखाद्या ३० खाटांच्या वॉर्डात प्रत्येक पाळीला पाच परिचारिका हव्यात असे धरले, तर दिवसाला १५ आणि वर्षाला ५,४७५ पाळ्या भरायच्या आहेत. एक परिचारिका वर्षात किती दिवस कामावर असते? ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या गेल्या. सणांच्या सुट्या, किरकोळ रजा, हक्काची रजा आणि आजारपण मिळून आणखी ४३ दिवस धरले, तर २७० दिवस उरतात. ५,४७५ भागिले २७० म्हणजे वीस. पाळीला पाच जणी दिसायच्या असतील, तर पटावर वीस जणी असाव्या लागतात. एका जागेला चार माणसे, असा हा साधा ठोकताळा आहे. रात्रपाळी बारा तासांची असेल तर तिच्यापाठोपाठ नाईट ऑफ द्यावा लागतो आणि आकडा आणखी वाढतो. आता त्याच वॉर्डाच्या पटावर बाराच जणी असतील, तर पाळीला तिघी येतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला सहाऐवजी दहा रुग्ण येतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा मनुष्यबळ धरायला सांगितले आहे ते याच कारणाने. ते धरले नाही की प्रत्येक रजा सहकाऱ्याच्या मानेवर बसते, आणि रजा मागणारी बाई मनातल्या मनात अपराधी ठरते. वॉर्डातली निम्मी भांडणे स्वभावातून होतात असे आपण समजतो. माझ्या मते ती या भागाकारातून होतात.

सहाऐवजी दहा रुग्ण म्हणजे नेमके काय होते, याचे उत्तर लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांच्या अभ्यासातून २००२ साली दिले. परिचारिकेमागे सरासरी एक रुग्ण वाढला की ती कामाने पुरती थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, नोकरीविषयी असमाधानी होण्याची शक्यता १५ टक्क्यांनी, आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिकडचे आकडे जसेच्या तसे बेळगाव-निपाणीला लावता येणार नाहीत. पण कर्मचाऱ्याचा त्रास आणि रुग्णाचा धोका एकाच कारणापासून वाढतात, हे त्या अभ्यासाने इतक्या स्पष्टपणे मांडले की ‘स्टाफची कुरकुर’ आणि ‘रुग्णसेवेचा दर्जा’ असे दोन वेगळे कप्पे करणे त्यानंतर अवघड झाले.

कामाचा ताण म्हणजे फक्त कामाचा ढीग, ही समजूतही अपुरी आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली असे मांडले की ताण दोन गोष्टींवर अवलंबून असतो: काम किती आहे, आणि ते कसे व कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे किती आहे. शल्यचिकित्सकाला दिवसात आठ शस्त्रक्रिया असतात, पण ऑपरेशनची यादी त्याच्या सोयीने लागते. वॉर्डातल्या परिचारिकेला त्याच वेळी सलाईन बदलायचे असते, राउंडला उभे राहायचे असते, डिस्चार्जचे कागद पुरे करायचे असतात आणि नातेवाइकांचे फोन घ्यायचे असतात; यांतले आधी काय करायचे हे तिच्याखेरीज सगळे ठरवतात. काम जास्त आणि अधिकार कमी ही जोडी सर्वांत वाईट. पुढे १९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल यांनी यात तिसरी गोष्ट घातली, ती म्हणजे सहकाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा आधार. २००१ साली डेमेरूटी, बाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा विचार दोन बाजूंच्या ताळेबंदासारखा मांडला. एका बाजूला काम माणसाकडून जे जे मागते ते: धावपळ, रात्रपाळ्या, मृत्यू जवळून पाहणे, शिव्या ऐकणे. दुसऱ्या बाजूला काम करायला जे जे हाताशी असते ते: पुरेशी माणसे, चालू स्थितीतली यंत्रे, स्पष्ट सूचना, शिकण्याची संधी, ‘हे मी बघते, तू चहा घेऊन ये’ म्हणणारी इन्चार्ज सिस्टर. पहिली बाजू वाढत गेली की माणूस थकतो. दुसरी बाजू आटत गेली की त्याचे कामातून मन उडते. हे दोन वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत, हा त्या मांडणीचा खरा उपयोग.

कामाने माणूस आतून विझत जातो त्या अवस्थेची तीन लक्षणे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मोजमापात आणली: भावनिक थकवा, रुग्णाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना. ‘ती सिस्टर फार खेकसते’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा दुसरे लक्षण पाहत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर नीट हाताळल्या न गेलेल्या कामाच्या दीर्घकालीन ताणातून येणारी घटना म्हणून. न हाताळणारा कोण, हे त्या वाक्यात लिहिलेले नाही. पण तो परिचारिका एकटीच असेल असा अर्थ त्यातून निघत नाही.

आमच्या रुग्णालयात १२ मे रोजी, म्हणजे परिचारिका दिनी, केक कापला जाई, प्रत्येकीला गुलाबाचे फूल मिळे आणि ताण कसा घालवावा यावर पाहुण्यांचे भाषण होई. एका वर्षी कार्यक्रम सकाळी दहाला ठेवला होता. सभागृह भरलेले दिसावे म्हणून रात्रपाळी संपवून आठला सुटलेल्या परिचारिकांना थांबवून घेतले. पहिल्या रांगेत बसलेल्या दोघींना भाषण चालू असतानाच डुलक्या लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना शिस्तीविषयी तोंडी समज मिळाली. कार्यक्रमाची खुर्च्यांपासूनची सगळी जुळवाजुळव मीच केली होती. आठ आणि दहा यांच्यामधले दोन तास माझ्याही ध्यानात आले नव्हते.

चुकांच्या बाबतीत व्यवस्थापन कसे वागते, त्याचा परिणाम तर याहून खोल जातो. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. ज्या गटांत चांगले संबंध आणि चांगले नेतृत्व आहे तिथे औषधांच्या चुका कमी होतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: चांगल्या गटांत चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर कारण कळले. तिथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे. तिथली माणसे त्या सांगत होती. वाईट गटांत चुका झाकल्या जात होत्या. यातूनच ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना त्यांनी १९९९ मध्ये गटांच्या संदर्भात मांडली: इथे मी चूक कबूल केली, शंका विचारली, वरिष्ठाला ‘सर, डोस पुन्हा बघता का?’ म्हटले, तर माझा पाणउतारा होणार नाही, ही सगळ्यांना मिळून असलेली खात्री.

आपल्याकडे ही खात्री एका शब्दाने संपते, आणि तो शब्द म्हणजे मेमो, म्हणजे जाब विचारणारा लेखी कागद. एका वॉर्डात सारख्याच दिसणाऱ्या दोन औषधांच्या अँप्यूल, म्हणजे काचेच्या छोट्या कुप्या, एकाच ट्रेमध्ये ठेवल्या जात. एका परिचारिकेने इंजेक्शन भरताना चूक ओळखली, अँप्यूल बाजूला ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीत फक्त मैत्रिणीला सांगितले. फॉर्म भरण्याची सोय होती, पण फॉर्म भरला की त्याची प्रत वैयक्तिक फाइलला लागे आणि वर मेमो येई, हे सगळ्यांना माहीत होते. ट्रे तसाच राहिला. दोन महिन्यांनी दुसऱ्या पाळीत तीच गल्लत झाली आणि या वेळी इंजेक्शन देऊन झाल्यावर ती लक्षात आली. रुग्ण सुदैवाने सुखरूप राहिला. मेमो निघाला, वेतनवाढ अडली, आणि ट्रेमध्ये खण मात्र त्यानंतर कितीतरी दिवसांनी झाले. अनवधानाने झालेली चूक, सोयीसाठी मोडलेला नियम आणि जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना एकच मेमो दिला की माणसे काळजीपूर्वक वागायला शिकत नाहीत, गप्प राहायला शिकतात.

पगाराविषयी थोडक्यात. योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडले की माणूस जे ओततो आणि त्याला जे परत मिळते त्यांचा मेळ बसला नाही की तब्येतीवर परिणाम होतो. आणि परत मिळणाऱ्या गोष्टींत त्यांनी पगाराबरोबर मान, बढती आणि नोकरीची शाश्वतीही मोजली. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेल्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत राज्य सरकारच्या परिचारिकांइतके वेतन, आणि ५० हून कमी खाटांच्या ठिकाणीही किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस ती शिफारसच. तालुक्याच्या गावातल्या छोट्या इस्पितळात तिचे काय झाले हे तिथल्या पगारपत्रकावरून कळते. याहून अवघड प्रश्न वॉर्डबॉय मामांचा आणि आयाबाईंचा आहे. ते बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराकडचे असतात. त्यांना काम इन्चार्ज सिस्टर सांगतात, हजेरी सुपरवायझर घेतो, पगार कंत्राटदार देतो, आणि तक्रार कुणाकडे करायची हे कुणीच सांगत नाही. रात्री मृतदेह उतरवण्यापासून उलटी पुसण्यापर्यंतची कामे करणाऱ्या मावशीला स्टाफच्या खोलीत डबा खायला बसू दिले जाते की नाही, यावरून त्या रुग्णालयाचे व्यवस्थापन मला वार्षिक अहवालापेक्षा लवकर कळते.

सीमाभागात या सगळ्यावर भाषेचा एक थर चढतो, आणि त्याविषयी व्यवस्थापनाच्या अंगाने फारसे कुणी लिहीत नाही. एकाच वॉर्डात केरळहून आलेली परिचारिका, धारवाडकडचे डॉक्टर, खानापूर तालुक्यातल्या मावशी आणि चंदगडहून आलेला रुग्ण असतो. सरकारी परिपत्रक कन्नडमध्ये येते, केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो, ओव्हर तीन भाषांच्या मिश्रणात दिली जाते आणि रुग्ण मराठीत कण्हतो. मग ‘पेशंट मराठी आहे, अमुक सिस्टरला बोलवा’ अशी हाक येते. त्या सिस्टर स्वतःचे सहा-सात रुग्ण सोडून दुसऱ्या वॉर्डात जातात, ऑपरेशनच्या संमतिपत्रावर काय लिहिले आहे ते म्हातारीला समजावतात आणि परत येऊन आपले राहिलेले काम उरकतात. हे काम कोणत्याही तक्त्यात नसते. कन्नड येणाऱ्या सिस्टरला मराठी वॉर्डात तोच अनुभव उलट्या बाजूने येतो. दुभाषाचे काम कोण किती करते हे मोजून त्या पाळीला त्यांच्याकडचे रुग्ण कमी करणे, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या मावशींना जंतुनाशकाच्या प्रमाणाची सूचना वाचता येत नसेल तर ती पाळीच्या सुरुवातीला तोंडी सांगणे, एवढे केले तरी वॉर्डातला पुष्कळ ताण उतरतो. भाषेचे राजकारण वेगळ्या जागी चालू राहील. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये पाणी किती घालायचे हे मावशींना कळलेच पाहिजे.

सीमेचा आणखी एक फटका काउंटरवरच्या कारकुनाला बसतो. कर्नाटकातल्या रुग्णाकडे एका योजनेचे कार्ड, महाराष्ट्रातून आलेल्याकडे दुसऱ्या योजनेचे, आणि कोणते कार्ड कोणत्या उपचाराला चालते हा नियम त्याने केलेला नसतो. राग मात्र त्याच्यावर निघतो. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध कर्नाटकात २००९ पासून स्वतंत्र कायदा आहे, पण कायदा हात उगारला गेल्यावरचा. त्याआधीच्या अर्ध्या तासात कुणी वरिष्ठ खुर्चीतून उठून काउंटरवर येतो का, हा प्रश्न व्यवस्थापनाचा.

हा वरिष्ठ म्हणजे बहुधा मधल्या फळीतला माणूस असतो, आणि सगळ्या साखळीत तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. वॉर्डात उत्तम काम करणाऱ्या परिचारिकेला एक दिवस इन्चार्ज केले जाते. शिरा शोधण्यात तिचा हात धरणारे कुणी नसते, पण तक्ता लावणे, भांडण सोडवणे, मॅट्रनला, म्हणजे मुख्य परिचारिकेला, नाही म्हणणे यांतले काहीही तिला कुणी शिकवलेले नसते. रुग्णालयाच्या दर्जाच्या मानांकनाची तपासणी जवळ आली की फायली तिनेच लिहायच्या, आणि तेवढ्या काळात तिचे दुसरे काम कमी होत नाही. अमेरिकेत परिचारिकांची टंचाई असतानाही काही रुग्णालयांतून त्या सोडून जात नव्हत्या. त्याचा शोध घेणाऱ्या १९८३ च्या अभ्यासात १६३ पैकी ४१ रुग्णालये निवडली गेली. त्यांना चुंबकासारखी रुग्णालये असे नाव पडले. तिथले गुपित फार मोठे नव्हते. पाळ्या ठरवताना परिचारिकांना विचारले जाई, त्यांच्या वरिष्ठ वॉर्डात दिसत, आणि वॉर्डाचे निर्णय वॉर्डातच होत. इंग्लंडमध्ये मायकेल वेस्ट आणि सहकाऱ्यांनी ६१ रुग्णालये तपासली, तेव्हा जिथे कामाचा आढावा गांभीर्याने घेतला जातो, प्रशिक्षण होते आणि माणसे खऱ्या अर्थाने गटात काम करतात तिथे रुग्णांचे मृत्यूही कमी आढळले. एकामुळेच दुसरे घडते असे त्यातून सिद्ध होत नाही, हे खरे. पण वर्षातून एकदा ‘इथे सही करा’ म्हणून पुढे सरकवलेला फॉर्म म्हणजे आढावा नव्हे, इतके समजायला अभ्यासाचीही गरज नाही.

न्याय झाला असे माणसाला केव्हा वाटते? हवे ते मिळाले की, हे एक उत्तर. संशोधक दुसरेही देतात: मिळाले नाही तरी ठरवण्याची रीत सरळ होती असे दिसले की. आमच्याकडच्या एका इन्चार्ज सिस्टर हे कोणाकडून शिकल्या होत्या कोण जाणे. त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. गणपती, दिवाळी, रमजान ईद, नाताळ, ओणम आणि बेळगावची वैशाखातली शिवजयंती अशी प्रत्येक सणाला दोन-दोन पाने. कोणाला कोणत्या वर्षी रजा मिळाली आणि कोणी कोणासाठी पाळी केली, एवढेच त्यात लिहिलेले असे. रजेवरून वाद झाला की त्या वही उघडून टेबलावर ठेवत आणि स्वतः राउंडला निघून जात. नाही मिळालेली बाई पान बघे, गेल्या वर्षी आपण घरी होतो हे तिला दिसे, आणि ती अर्ज परत घेई. कोजी नावाने सगळे ज्याला हाक मारत तो केरळचा ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, दर गणपतीला नाईट करी आणि नाताळला आठ दिवस गावी जाई. त्याबद्दल कधी शब्द निघाला नाही.

त्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त झाल्या आणि वर्षभरात ड्युटीचे सॉफ्टवेअर आले. ते वाईट नव्हते. खाडाखोड थांबली, लागोपाठ किती नाईट झाल्या ते आपोआप दिसू लागले, पगाराचे घोळ कमी झाले. सणाच्या रजेसाठी मात्र त्यात एकच नियम होता: जो आधी अर्ज करील त्याला आधी. पहिल्याच गणपतीला सहा अर्ज मंजूर झाले आणि सहाही जणी दिवसपाळीच्या निघाल्या. अर्जाची खिडकी सकाळी दहाला उघडली होती, आणि रात्रपाळी करून आलेल्या तेव्हा झोपलेल्या होत्या.